राजीनामा लिहिण्याआधी: अमिरातीत नोकरी करणारी बाई हक्काचे पैसे कसे मागते

दुबई आणि शारजाहतल्या खासगी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या बायकांच्या तक्रारींचे कागद लावायला बसलो की आमचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, बेसिकचा, म्हणजे भत्ते वगळून उरणाऱ्या मूळ पगाराचा असतो. पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्यात बेसिक किती, असं विचारलं की फोनमध्ये शोधाशोध सुरू होते. बऱ्याचदा तिथंच कळतं की तिचे पैसे नोकरी सुटताना नाही, नोकरी लागली त्याच दिवशी कापले गेलेत.

महिना ६,००० दिरहम पगाराचे दोन करार समोर ठेवा. एकात बेसिक ३,६०० आणि बाकी घरभाडं, प्रवास असे भत्ते. दुसऱ्यात बेसिक २,००० आणि उरलेले सगळे भत्ते. हातात दोघींच्या सहा हजारच येतात. पण नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाचं २१ दिवसांचं बेसिक, पुढच्या प्रत्येक वर्षाचं ३० दिवसांचं. चार वर्षं भरल्यावर पहिलीच्या वाट्याला १०,०८० दिरहम येतात, दुसरीच्या ५,६००. शिल्लक रजेचे पैसे बेसिकवर, ओव्हरटाइम बेसिकवर, नोकरी गेल्यावर मिळणारा विमाही बेसिकवर. पगारात बेसिकचा वाटा किती हवा याचं बंधन कायद्यात नाही, म्हणून दोन हजारांचं बेसिक बेकायदेशीर ठरत नाही. पण त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचं बेसिक साठ टक्के आणि बायकांचं तेहतीस टक्के असेल, तर तो प्रश्न नुसत्या नीतीचा राहत नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की त्याच कामाला किंवा तितक्याच मोलाच्या कामाला बाईला पुरुषाएवढंच वेतन. वेतन म्हणजे काय, यावर भांडता येतं, आणि भांडावं.

नोकरी धरताना पहिला कागद ऑफर लेटरचा. मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालय, ज्याला इथं सगळे ‘मोहरे’ म्हणतात, त्याच्या ठरलेल्या नमुन्यात हे पत्र निघतं. त्यात अरबी आणि इंग्रजीबरोबर तिसरी भाषा निवडता येते. हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली अशा भाषा आहेत, मराठी नाही. हिंदी मागून घ्या, इंग्रजी उत्तम येत असलं तरी. वाद झाला तर अरबी मजकूर धरतात, त्यामुळे अरबी रकाना एकदा जाणकाराकडून वाचून घेतलेला बरा. ऑफर लेटरवरचे आकडे आणि पुढं मोहरेत नोंदलेल्या करारातले आकडे तेच हवेत. ते मोहरेच्या अ‍ॅपमध्ये यूएई पासने, म्हणजे सरकारी डिजिटल ओळखीने, लॉग इन करून स्वतः पाहता येतात. कंपनीच्या लेटरहेडवर वेगळं पत्र देऊन ‘खरा पगार हा, सरकारी कागदावर फक्त कमी दाखवलाय’ असं सांगणारे भेटतात. कोर्टात आधी नोंदलेला करार वाचला जातो. लेटरहेडचं पत्र पुरावा म्हणून चालू शकतं, पण ते सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

नोकरी लावण्याचा खर्च, म्हणजे परमिट, व्हिसा, मेडिकल, एजंट, हा सगळा मालकाचा. तो पगारातून कापणं कायद्याने मना आहे. पासपोर्ट ठेवून घेणंही मना. ‘सेफ कस्टडी’च्या फॉर्मवर सही घेऊन पासपोर्ट कपाटात ठेवण्याची जुनी खोड काही ठिकाणी अजून आहे. सही करू नका. केलीच असेल तर पासपोर्ट परत मागणारा मेल पाठवा, कारण पुढं तक्रारीत ‘मी मागितला होता’ हे दाखवता यायला हवं.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बायकांसाठी एक पायरी त्याआधीची. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते अशी नोंद) असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर भारत सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवरून परवानगी घेतल्याशिवाय आखाती देशात नोकरीला जाता येत नाही आणि अशा बाईचं वय किमान ३० लागतं. घरकामासाठी भरती फक्त सरकारी संस्थांमार्फत. नर्सेसचीही २०१५ पासून तशीच. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, त्यावर नाही. प्रवासी भारतीय विम्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं. या सगळ्याला वळसा घालायचा ठरलेला मार्ग म्हणजे व्हिजिट व्हिसा: ‘आधी या, तिथं बदलून देतो.’ बदलून मिळालं नाही तर त्या बाईचं कुठल्याच दप्तरी कामगार म्हणून नाव नसतं, आणि तक्रार उभी करायला पायाच राहत नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर राहून नोकरी करणाऱ्या मराठी बायका इथं पुष्कळ. शाळा, क्लिनिक, अकाउंट्स, ट्रॅव्हल ऑफिसं त्यांच्यावर चालतात. त्यांना कंपनीचा रेसिडेन्स व्हिसा लागत नाही, पण मोहरेचं वर्क परमिट लागतंच. हे परमिट न काढता वर्षानुवर्षं रोख पगारावर काम करून घेणं ही या शहरातली सगळ्यात सोज्वळ दिसणारी फसवणूक आहे. सगळं घरच्यासारखं चाललेलं असतं. मग बाळंतपण येतं आणि कळतं की करार नाही, डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे मंत्रालयाची नजर असलेल्या पगारवाटपाच्या यंत्रणेत, नाव नाही, ग्रॅच्युइटी नाही. परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. पण परमिटविना काम करणारीवरही कारवाई होऊ शकते, म्हणून अशी प्रकरणं तक्रारीपर्यंत पोचतच नाहीत. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं.

आता ज्या कारणाने सगळ्यात जास्त कागद निघतात ते, गर्भारपण.

कायदा असा आहे. बाळंतपणाची रजा ६० दिवस: ४५ दिवस पूर्ण पगारी, १५ दिवस अर्ध्या पगारी. इथं मोजणी पूर्ण वेतनावर होते, नुसत्या बेसिकवर नाही. म्हणजे सहा हजारवालीला ४५ दिवसांचे ९,००० आणि पुढच्या १५ दिवसांचे १,५००, एकूण १०,५०० दिरहम, मग बेसिक काहीही असो. १९८० च्या जुन्या कायद्यात पूर्ण पगारासाठी वर्षभर नोकरीची अट होती. ती आता नाही, तरी काही एचआर अजून तीच सांगतात. रजा प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या ३० दिवस आधीपासून घेता येते. गर्भारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं आणि डॉक्टरचा दाखला असेल, तर आणखी ४५ दिवस बिनपगारी. मूल आजारी किंवा दिव्यांग जन्मलं तर ३० दिवस पगारी आणि पुढं ३० बिनपगारी. सहा महिन्यांनंतर गर्भ गेला किंवा मूल मृत जन्मलं तरी ही ६० दिवसांची रजा मिळते. ही गोष्ट कंपनी सहसा आपण होऊन सांगत नाही, आणि अशा वेळी विचारायचं भान कुणाला असतं? त्याआधी गर्भपात झाला तर ते आजारपणाच्या रजेत जातं. कामावर परतल्यावर प्रसूतीपासून सहा महिने बाळाला पाजण्यासाठी रोज एक किंवा दोन सुट्ट्या, मिळून एक तासापर्यंत, पगार न कापता. आई किंवा बाप, दोघांनाही जन्मानंतर सहा महिन्यांत पाच दिवसांची पालकत्वाची पगारी रजा आहे.

गर्भारपणामुळे किंवा ही रजा घेतल्यामुळे नोकरीवरून काढणं किंवा तशी नोटीस देणं याला कायद्यात स्पष्ट मनाई आहे. मग काढतात कसं? तीन वाटांनी. पहिली ‘रिस्ट्रक्चरिंग’: पद रद्द झालं म्हणायचं आणि दोन महिन्यांनी तीच जागा वेगळ्या नावाने भरायची. दुसरी प्रोबेशन: सहा महिन्यांपर्यंतच्या या काळात १४ दिवसांच्या लेखी सूचनेवर नोकरी संपवता येते आणि ‘काम समाधानकारक नाही’ एवढं पुरतं. तिसरी वाट सगळ्यात जास्त वापरली जाते: खोलीत बोलवून, खुर्ची देऊन, पाणी विचारून राजीनामा लिहून घ्यायचा. ‘टर्मिनेशन दिसलं तर पुढं नोकरी मिळायची नाही, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.’

राजीनामा दिल्याने ग्रॅच्युइटी जात नाही. नव्या कायद्यात वर्ष भरलं असेल तर राजीनाम्यानंतरही ती पूर्ण मिळते. जातं ते वेगळंच. नोटीसचा काळ आता बाईने भरायचा होतो, नाही भरला तर तिच्याकडूनच तेवढे पैसे वळते होतात. गर्भारपणामुळे काढलं, हा मुद्दा तिनेच स्वतःच्या सहीने खोडलेला असतो. शिवाय नोकरी गेल्यावरचा विमा हातचा जातो. १ जानेवारी २०२३ पासून ही योजना सक्तीची आहे: बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहम हप्ता, सलग १२ महिने भरलेला हवा, आणि नोकरी गेल्यास शेवटच्या सहा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. दावा नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत लावावा लागतो. राजीनामा देणारीला यातलं काही मिळत नाही. म्हणून आमचं सांगणं एकच असतं: त्या खोलीत काहीही लिहू नका. ‘मला वाचायला वेळ हवा, कागद मेलवर पाठवा’ असं म्हणून उठा. काढायचंच असेल तर त्यांनी काढल्याचं पत्र द्यावं.

पुरावा इथं तारखांनी बनतो. गर्भारपण कळवताना तोंडी कळवून थांबू नका. त्याच दिवशी एचआरला दोन ओळींचा मेल आणि सोबत डॉक्टरचं पत्र. या मेलची तारीख आणि काढल्याच्या पत्राची तारीख यांतलं अंतर, त्याआधीची कौतुकाची किंवा इन्क्रिमेंटची पत्रं, नंतर त्याच जागेसाठी आलेली जाहिरात, हे सगळं एका ओळीत ठेवलं की चित्र स्पष्ट दिसतं. कंपनीचा मेल काढल्याच्या दिवशीच बंद होतो, म्हणून स्वतःचा करार, पगाराच्या स्लिपा, रजेचे अर्ज, स्वतःला आलेली पत्रं वेळेवर स्वतःकडे ठेवा. फक्त स्वतःची. ग्राहकांच्या याद्या, इतरांच्या पगाराचे तक्ते स्वतःच्या मेलवर पाठवलेत तर गुप्तता मोडल्याचा आरोप तुमच्यावर येईल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल.

याहून महत्त्वाचं: फोनवर चोरून रेकॉर्डिंग करू नका. भारतात असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढं करायची सवय आहे. अमिरातीत दुसऱ्याचं बोलणं किंवा फोटो संमतीशिवाय टिपणं हाच गुन्हा आहे आणि सायबर कायद्याखाली उलटी फिर्याद होऊ शकते. फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कंपनीचं नाव घेऊन लिहिणंही तसंच. बैठकीनंतर लगेच ‘आज आपण जे बोललात त्याची नोंद म्हणून लिहितेय’ असा मेल पाठवला, तर रेकॉर्डिंगचं काम तो बिनधोक करतो. समोरच्याने त्याला उत्तर दिलं नाही, तरी तारखेसकट नोंद राहते.

तक्रार मोहरेच्या अ‍ॅपवर, संकेतस्थळावर, ८००८४ या क्रमांकावर किंवा सेवा केंद्रात नोंदवता येते. एमिरेट्स आयडी, लेबर कार्डचा क्रमांक, चालू फोन नंबर एवढं लागतं. मागणी नेमकी आकड्यांत लिहा, ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं नको. वरच्या उदाहरणातली बाई घ्या: बेसिक ३,६००, पगार ६,०००, चार वर्षं झाली, शेवटच्या महिन्याचा पगार नाही, नोटीसचा महिना दिला नाही, १२ दिवसांची रजा शिल्लक. ग्रॅच्युइटी १०,०८०, पगार ६,०००, नोटीस ६,०००, रजा १,४४०. एकूण २३,५२० दिरहम. बेसिक २,००० असतं तर हीच मागणी १८,४०० वर आली असती. भारतात परतायचं असेल आणि काढण्याला तिची चूक कारण नसेल, तर विमानाचं तिकीट वेगळं.

पगार थकल्याची तक्रार असेल तर बँकेचं स्टेटमेंट जोडा. डब्ल्यूपीएसमधून पगार येतो. ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवसांत आला नाही की तो थकलेला धरतात आणि मंत्रालयाच्या यंत्रणेत ते आपोआप दिसतं. यंत्रणेला दिसत नाही ती वेगळीच तऱ्हा: पगार खात्यात पूर्ण जमा करायचा आणि त्यातला काही भाग रोख परत मागायचा, किंवा पगाराचं कार्ड पिनसकट सुपरवायझरकडे ठेवायचं. छोट्या सलूनमध्ये, क्लीनिंग कंपन्यांत हे जास्त. रोख परत द्यायची वेळ आली तर निदान कोणाला, किती, कशासाठी याचा मेसेज मागे राहू द्या.

तक्रार झाल्यावर मंत्रालयाचा कायदा अधिकारी दोन्ही बाजूंना फोन करतो, बोलवतो. चौदा दिवसांत समेट घडवायचा प्रयत्न होतो. इथं घाई नडते. ‘अर्धे आज घ्या, बाकी पुढच्या महिन्यात’ यावर सही करायची असेल तर रक्कम, तारीख आणि हप्ते तडजोडीच्या कागदावर लिहून घ्या. असा करार मालकाने मोडला तर रक्कम कितीही असली तरी मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकतं. समेट झाला नाही आणि मागणी ५०,००० दिरहमपर्यंत असेल, तर १ जानेवारी २०२४ पासून मंत्रालयाचाच निर्णय कोर्टाच्या हुकमासारखा अंमलात येतो. न पटल्यास १५ कामकाजाच्या दिवसांत प्राथमिक न्यायालयात जाता येतं. पन्नास हजारांवरची मागणी थेट कोर्टाकडे पाठवतात. एक लाखापर्यंतच्या कामगार दाव्याला कोर्ट फी लागत नाही. पण कोर्टाची भाषा अरबी, आणि कागदांचं भाषांतर परवानाधारक अनुवादकाकडूनच लागतं. तो खर्च मात्र खिशातून जातो, म्हणून वीस पानं जोडण्यापेक्षा नेमकी पाच जोडा. भांडणामुळे पगार थांबला असेल तर मंत्रालय मालकाला तो दोन महिन्यांपर्यंत चालू ठेवायला लावू शकतं. हे मागावं लागतं.

तक्रार केली म्हणून कामावर जाणं थांबवू नका. सलग सात दिवसांहून जास्त विनाकारण गैरहजर राहिलात तर नोटीस न देता काढायला मालकाला कारण मिळतं, आणि ‘काम सोडून पळाली’ अशी नोंदही तो करू शकतो. उलट, खरी तक्रार केली म्हणून काढलं तर ते कलम ४७ खाली बेकायदा ठरतं आणि तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई मिळू शकते. याच कलमात गर्भारपणाचं नाव घेतलेलं नाही. एका कलमात मनाई आणि भरपाईच्या कलमात मौन, ही या कायद्यातली आम्हाला सगळ्यात जास्त खुपणारी फट आहे. म्हणून काढल्याचं पत्र येण्याआधीच, धमकी सुरू झाल्यावर, मोहरेत तक्रार नोंदवलेली असली तर बाईची बाजू भक्कम होते. नोकरी संपल्यानंतर दावा लावायला आता दोन वर्षांची मुदत आहे, पण थांबण्यात फायदा काहीच नाही.

दुबईच्या डीआयएफसी आणि अबूधाबीच्या एडीजीएम या आर्थिक केंद्रांमध्ये काम करणाऱ्यांनी हे सगळं बाजूला ठेवावं; तिथले कायदे आणि कोर्ट वेगळे. इतर फ्री झोनमध्ये कायदा हाच, पण पहिली तक्रार बहुधा झोनच्या प्राधिकरणाकडे जाते.

कामाच्या जागी लैंगिक छळ, दमदाटी, शिवीगाळ, मारहाण यांना कलम १४ मना करतं. असं झालं तर नोटीस न देता, हक्क न गमावता नोकरी सोडता येते. मात्र कळवणं शक्य झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अधिकाऱ्यांना कळवलेलं असावं लागतं. ही पाच दिवसांची मुदत फार जणींची हुकते, कारण पहिला आठवडा घरच्यांशी बोलण्यात जातो. छळ हा फौजदारी गुन्हाही आहे आणि तो पोलिसांकडे नोंदवायचा; मोहरे पैशांचं बघेल, गुन्ह्याचं नाही. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. सल्ल्यासाठी भारतीय दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र ८००४६३४२ वर आहे, हिंदीत बोलता येतं.

घरकाम करणाऱ्या बायकांना वरचा कामगार कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी २०२२ चा ९ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे, १५ डिसेंबर २०२२ पासून. आठवड्याला एक सुटी, दिवसात १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ सलग, वर्षाला ३० दिवस रजा, दोन वर्षांनी घरी जायचं तिकीट, ओळखीची कागदपत्रं स्वतःजवळ. कागद चांगला आहे. अडचण दाराची आहे: तपासनीस कंपनीत सहज जातो, घरात नाही. फोन काढून घेतला की ८००८४ हा आकडा पाठ असून काय उपयोग? म्हणून निघण्याआधीच मालकाचा पत्ता आणि कराराचा फोटो गावी दोन जणांकडे हवा, आणि ठरलेल्या वारी फोन आला नाही तर काय करायचं हे आधीच बोललेलं हवं.

हे वाचून ‘अरबांकडे बायकांना मानच नाही’ असा सूर कुणी लावू नये. खदीजा मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, आणि तरुण मुहंमद त्यांचा माल घेऊन सीरियाकडे जात असत, हे इथं शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण समेटाच्या टेबलावर अमिराती अधिकारी मालकाला ऐकवतात. आणि ज्या खोलीत गर्भार बाईकडून राजीनामा लिहून घेतला जातो, त्या खोलीत पुष्कळदा एकही अरब नसतो. मालक आपला, मॅनेजर आपला, एचआरच्या मॅडमही आपल्याच. दोष रूढीपेक्षा हिशेबात जास्त आहे. अमिरातीत बाळंतपणाच्या रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो. दहा माणसांच्या ऑफिसला १०,५०० दिरहम आणि वर बदली माणसाचा पगार जड वाटतो, मग मुलाखतीत ‘लग्न कधी झालं?’ असा प्रश्न येतो. जॉर्डनने २०११ पासून हा खर्च सामाजिक विम्याच्या निधीवर टाकला: बायका असोत वा नसोत, प्रत्येक मालक थोडं थोडं भरतो आणि दहा आठवड्यांच्या रजेचे पैसे निधीतून येतात. त्यामुळे बाईला कामावर ठेवणारा एकटाच भार सोसत नाही. सौदीने २०१९ मध्ये नोकरीत स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली आणि फेब्रुवारी २०२५ पासून रजा पूर्ण पगारी १२ आठवड्यांची केली. पैसे मात्र तिथंही मालकानेच द्यायचे होते; जुलै २०२५ पासून नव्या सामाजिक विमा कायद्याखाली येणाऱ्या बायकांना ते विम्यातून मिळू लागले. रजेचे दिवस वाढवण्याइतकंच, आमच्या मते त्याहूनही जास्त, ते पैसे कोण भरतं हे महत्त्वाचं आहे.

ज्यांना नीट वागायचं आहे अशा छोट्या मालकांना आम्ही सांगतो: हुद्दानिहाय बेसिक ठरवून लिहून ठेवा, माणूस बघून नको, प्रत्येक बाळंतपणाचा खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरा, पाजण्यासाठी दार बंद होणारी खोली द्या, पॅन्ट्री नको.

शेवटची सही कॅन्सलेशनच्या, म्हणजे परमिट आणि व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर. त्यावर ‘माझे सर्व पैसे मिळाले’ असं लिहिलेलं असतं. पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब, म्हणतो की सही झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. कायद्यात उलट आहे: नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे द्यायचे. खात्यात रक्कम दिसल्यावरच सही करा. चेक देत असतील तर तो वटल्यावर. काही बाकी असेल तर तेवढं लिहून घ्या.

गर्भार बाईने कॅन्सलेशनची तारीखही मागून घ्यावी. कंपनीचा आरोग्य विमा व्हिसाबरोबर संपतो, आणि आठव्या महिन्यात विमा गेला तर इस्पितळाचं बिल ग्रॅच्युइटी खाऊन टाकतं. तडजोडीत चार पैसे कमी घ्या, पण प्रसूतीनंतरची तारीख घ्या. कंपनी ऐकत नसेल तर त्याआधी नवऱ्याच्या व्हिसावर नाव लावा आणि नव्या पॉलिसीत बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ आहे का, ते सही करण्यापूर्वी वाचा. दुबईत नवजात बाळ पहिले ३० दिवस आईच्या विम्यात धरलं जातं, आणि त्याचा रेसिडेन्स व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत काढावा लागतो. जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट, मग व्हिसा, असा क्रम आहे. पासपोर्टला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात.